कन्हानच्या वाळूतली पट्टी

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या साली माह्या पोरीचा बाप गेला. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी जरा उतरल्यासारखा वाटला, म्हणून मी डांगराचं, म्हणजे खरबुजाचं, अन् काकडीचं बी फडक्यात बांधून भिजू घातलं. दुपारी तो मेला.

आम्ही खाप्याचे. कन्हान नदीचं पाणी ओसरलं की माघात वाळूत डांगरवाडी लावायची, त्याच्यावरच आमचं पोट. वाळू कोणाच्या नावावर नसते. शिमग्याले ज्याचे वेल उभे दिसले, ती पट्टी त्याची. ज्याची रिकामी राहिली, तिथं दुसऱ्या साली दुसरा उतरते. आमची पट्टी धारेच्या जवळ होती, चांगली. माह्या भासऱ्याची, म्हणजे थोरल्या दिराची, वर कोरड्यात होती.

भिजलेलं बी ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ राखेत ठेवा लागते. ऊब लागली की दोन दिवसात मोड येते. मोड आला की लगेच लावा लागते, नाहीतर सडते. पण घरात मौत झालेली. तीन दिवस चूल पेटली नाही, जेवण शेजारून येत होतं. बियाची कोणाले आठवण नाही. तिसऱ्या दिवशी मी फडकं सोडून पाहिलं, तर बियानं नुसतं तोंड उघडलं होतं. चूल थंडी होती म्हणून वाचलं. मले चांगलं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पुन्हा ओलं करून बांधून ठेवलं.

भासऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नाही. डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडं तोंड करायचं. ते माह्यासमोरच सासूले म्हणे, "माय, सांग तुह्या सुनेले. दहा दिवस सुतक हाय. नदीवर जायचं नाही."

"ती काय बहिरी हाय? आयकून राहिली ना."

"मंग बी काहून बांधून राहिली?"

"त्या बियाले विचार बापा. त्याले सुतक समजत असन तर थांबन ते दहा दिवस."

"लोकं काय म्हणतीन, माय?"

"लोकाईचं सोड. पट्टी रिकामी राहिली तर पुढच्या साली कोण उतरते तिथं, ते मले दिसून राहिलं."

भासरे खाकरले अन् बाहेर निंगून गेले.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. पोरगी सासूच्या कडेवर. नदीवरची माणसं काम थांबवून पाहत होती. पोरीच्या बापानं मले एकच गोष्ट सांगतली होती, खड्ड्यात हात घालायचा, खांद्यापर्यंत गेला की खोदणं बंद. मी तसंच केलं. हात घातला, खांद्यापर्यंत गेला, थांबली. शेणखत टाकलं, बी लावलं. वाऱ्याले आडोसा म्हणून कडेनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रोवल्या. दोन दिवस लागले.

वेल वर आले. मंग पंधरा-वीस दिवसांनी ऊन तापलं अन् दुपारी पानं माना टाकू लागले. शेजारच्या वाड्याईत सारे ताजे, आमचेच कोमेजलेले. सासूनं एका वेलाजवळची वाळू उकरून पाहिली. ओल खाली होती, मुळं वरच राहिले होते.

"अवं, तू तुह्या हातानं मोजलं का वं?"

"मंग कोणाच्या मोजू?"

पोरीच्या बापाचा हात माह्यापेक्षा चार-सहा बोटं लांब होता. सासूनं घागर उचलली अन् धारेकडं गेली. मी दुसरी घेतली.

शिमग्यापर्यंत आम्ही दोघीनं पाणी वाहिलं. सकाळी एकदा, ऊन कललं की एकदा. वाळूनं पाय पोळत. बायका म्हणत, नवरा मेला अन् इच्या डोळ्यात पाणी नाही, दगड हाय. मी आयके. येत नव्हतं रडू, त्याले काय करू. घागर रिकामी झाली की भरायची, एवढंच समजे.

बरेच वेल वाळून गेले. शिमग्याले नदीवरचे म्हातारे पट्ट्या पाहत आले, त्याईच्या मागं भासरे. माह्या पट्टीत रिकाम्या जागा दिसत होत्या. एक म्हातारा थांबला. म्हणे, "हे कोणाची गा? धरायची का सोडायची?"

मी पदर घेऊन पाठ फिरवली. सासू तिकडून भासऱ्याकडं पाहत होती.

"तिची हाय," ते म्हणे. "वेल उभे हायेत ना. चला पुढं."

गेले ते. मी घागर घेऊन धारेवर गेली.

त्या साली डांगरं बारीक झाले. नागपूरले जरीपटक्याच्या बाजारात नेऊन विकले. गिऱ्हाईक म्हणे, गोड हायेत. मी खाऊन पाहिले नाही. पट्टी पोरीचं लग्न होईपर्यंत माह्याकडंच राहिली.