पेरुनिकाने मोडायला लावलेला पाव

आमच्या लिम नदीकाठी पेरुनिकासारखी बाई दुसरी नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. मी तिची शेजारीण. इटालियनांनी देश व्यापला होता, त्या वर्षी तिच्या घराच्या संताच्या, संत निकोलाच्या सणाला तिच्याच पंगतीत होते.

घराच्या संताच्या सणाला आमंत्रण नसतं. येईल तो पाहुणा, आणि त्या छपराखाली वैऱ्यालाही हात लावायचा नाही. यजमानाने दिवसभर उभं राहून वाढायचं. पेरुनिका विधवा, तेव्हा तीच उभी होती.

दुपारी वुकोमान आला. तिच्या मुलीचा कूम, म्हणजे धर्मबाप; आमच्यात हे नातं सख्ख्या भावाहून वरचं. हा चेतनिकांचा, म्हणजे राजाच्या बाजूच्या टोळीवाल्यांचा, म्होरक्या. परके देशातून जाईपर्यंत दाढी करणार नाही अशी शपथ घेतलेला. दाढी छातीपर्यंत पोचली, आणि बंदूक इटालियनांची, पीठ इटालियनांचं, शेजारी घोड्यावर त्यांचाच लेफ्टनंट! मला तर हसावं की रडावं कळेना.

त्यांना हवा होता पेरुनिकाचा भाऊ त्रिफुन. तो पार्टिझान, म्हणजे इटालियनांशी लढणारा कम्युनिस्ट, पायात गोळी घेऊन गोठ्यातल्या गवतात लपलेला. सापडला तर भिंतीशी उभा करून गोळी घालणार, हे ठरलेलं. वुकोमान आणि लेफ्टनंट पंगतीत बसले आणि बाहेर त्यांची माणसं अंगणातल्या गंजीत संगिनी खुपसू लागली. पुढचा नंबर गोठ्याचा.

पेरुनिका सरळ गोठ्यात गेली. भावाला धरून आणलं, सगळ्यांदेखत वुकोमानच्या शेजारी बसवलं आणि सणाचा गोल पाव पुढे केला.

"मोडा, कुमा. दोघांनी मिळून."

लेफ्टनंटने विचारलं, हा कोण? वुकोमानच्या कपाळावर घाम. शेवटी त्याने पाव मोडला.

"पाहुणा," तो म्हणाला. लेफ्टनंट निवांत मासा खाऊ लागला. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या!

निघताना वुकोमान दारात थांबला. "उद्या सण नसेल, पेरुनिका."

"आमचा सण तीन दिवसांचा. लहानपणापासून तिन्ही दिवस जेवत आलात, कुमा. या इटालियनांच्या पंगतीला बसून एवढंही विसरलात?"

त्याचे कान लाल झाले. सण संपेपर्यंत तो फिरकला नाही. मग आला आणि गोठा पेटवला. त्रिफुन तोवर नदीपार झाला होता. जाताना सवयीने वुकोमानने धर्मलेकीला उचलायला हात पुढे केले. पेरुनिका मध्ये उभी राहिली.

"हिला कूम नाही," ती म्हणाली.

हे नातं तोडणं आमच्यात महापाप. पण गावात एकानेही तिला पापी म्हटलं नाही.