काही पालकांच्या भावना लक्षात घेऊन

मंडईच्या मागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय आहे. जिना चढून वर गेलं की माणूस भेटायच्या आधी पाट्या भेटतात. ‘चपला रांगेत काढाव्यात. रांग कशी असते हे शाळेत शिकवतात.’ ‘पुस्तकात खाऊ ठेवू नये. मुंग्यांना सभासदत्व मिळत नाही.’ ‘शंका असल्यास आधी सूचना वाचाव्यात. मग शंका राहत नाही.’ या सगळ्या पाट्या श्याम आगाशे यांच्या. ते बालविभागाचे ग्रंथपाल, वय बासष्ट, अक्षर छापल्यासारखं आणि स्वभाव अक्षराहून कोरडा.

लोक त्यांच्या पाट्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवत, आणि आगाशेकाका आपल्याला त्याचं काही नाही असं दाखवत. खरी गोष्ट निराळी होती. समोरासमोर काही बोलायचं म्हटलं की या माणसाची जीभ टाळूला चिकटायची. बायको होती तेव्हा घरातली भांडणंसुद्धा फ्रिजवर चिठ्ठ्या लावून चालत. एकदा माफी मागायची वेळ आली, तीही त्यांनी चिठ्ठीवर मागितली. सुरुचीताईंनी ती वाचली, खाली ‘बरं’ लिहिलं आणि पुन्हा तिथंच लावून ठेवली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी वाचनालयाचं कुलूप उघडणं आणि संध्याकाळी ते लावणं, या दोन गोष्टींच्या मध्ये काकांचा दिवस बसलेला होता.

गेल्या दोन वर्षांत बालविभागात एकाच पुस्तकाची चलती होती, ‘काळ्या कंदिलाचं बेट’. पाच भागांची कादंबरी. तिच्यातली ओवी नावाची मुलगी बुडालेल्या भावाला शोधायला एक कंदील घेऊन निघते. कंदिलाच्या उजेडात गेलेली माणसं दिसतात, बोलतात. पण कंदील हातात असलेला माणूस खोटं बोलला की तो विझतो. पोरं त्या पुस्तकांवर तुटून पडत. पुढं त्यावर सिनेमाही निघाला, आणि दर मे महिन्यात सभागृहात मुलांना सिनेमा दाखवायची वाचनालयाची प्रथा, म्हणून यंदा हाच ठरला. नावनोंदणीच्या वहीत पहिलं नाव पडलं अरिबाचं.

अरिबा म्हणजे सिराज बाइंडरची मुलगी, वय अकरा. वाचनालयाची फाटकी पुस्तकं सिराजचे वडील शिवायचे, आता सिराज शिवतो. कंदिलाचे पाचही भाग पोरांच्या हातांनी खिळखिळे झाले तेव्हा त्यानंच ते सोडवून, नव्यानं शिवून, कापडी पाठ लावून दिले होते. अरिबा दुपारी येऊन खिडकीखाली बसायची आणि काकांना न विचारता मांडणीतली पुस्तकं सरळ लावायची. ती काकांची लाडकी होती. हे काकांनी अर्थातच तिला कधी सांगितलं नव्हतं.

सिनेमाला आठ दिवस उरले असताना कार्यकारिणीचे सचिव गोपाळकृष्ण रिसबूड वर आले. त्यांनी पहिला भाग टेबलावर पालथा घातला.

“आगाशे, आपण हे वाचलंय का?”

“वाचलंय.”

“मग गप्प कसे बसलात? मेलेल्यांना बोलावतात, मंत्र म्हणतात, आणि तेसुद्धा पोरंटोरं! मंत्र म्हणजे काय खेळणं आहे? आमच्या प्रवचनाच्या मंडळींत सगळ्यांनाच हे खटकलंय. पुस्तकं कपाटात जाऊ द्यात, सिनेमा रद्द. आणि माझं नाव मध्ये आणू नका, उगीच पेपरात जायचं.”

काकांना पुष्कळ म्हणायचं होतं. ते पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं होतं, आणि तिसऱ्या वेळी सुरुचीताईंच्या आठवणीनं रडले होते. पण रिसबुडांची नजर टेबलावरच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेली, निदान काकांना तसं वाटलं. “बरं,” ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं : ‘काही पालकांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन शनिवारचा चित्रपट रद्द करण्यात येत आहे.’

दुसऱ्या दिवशी वल्लरी नावाची एक आई मुलाला घेऊन आली. मुलगा रडवेला. तिनं फळा वाचला आणि काकांच्या टेबलाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, “त्या अरिबाच्या घरचे असणार ना? त्यांच्यात जादूबिदू अजिबात चालत नाही.”

इथं फक्त “नाही” म्हणायचं होतं. एक शब्द. मागं चार आया कान देऊन उभ्या होत्या. काकांनी रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला आणि तोंडाचा चंबू करून म्हणाले, “आता काय बोलायचं!”

झालं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांना हवं ते उत्तर मिळालं. काकांना ते कळलं. कळूनही ते खाली मान घालून तारखेचे शिक्के मारत बसले, आणि त्या क्षणी त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटलं. पुढं आयुष्यभर त्यांना लाज वाटली ती या सुटल्यासारखं वाटण्याची.

चार दिवस अरिबा आली नाही. पाचव्या दिवशी सिराज आला, शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन.

“आगाशेकाका, पोरं अरिबाला म्हणतात, तुझ्यामुळे सिनेमा बंद झाला. खेळायला घेत नाहीत तिला.” तो शांतपणे बोलत होता. “खरं सांगू का, आमच्या अम्मीनं हरकत घेतली होती. दोन वर्षांपूर्वी. जादू करणं गुनाह आहे, पुस्तक परत दे म्हणाली. अरिबानं तिला समोर बसवून अख्खा पहिला भाग वाचून दाखवला, रोज दहा पानं. मग दुसरा, तिसरा, चौथा. आता पाचव्या भागासाठी अम्मीच मागं लागलीय.”

“मी तुमचं नाव घेतलं नाही,” काका म्हणाले.

“नाही घेतलंत,” सिराज म्हणाला. “मला ठाऊक आहे.”

त्यानं गठ्ठ्यावर एक कागद ठेवला आणि तो जिना उतरून गेला. सभासदत्व रद्द करण्याचा अर्ज होता. अर्जाचा नमुना काकांनीच केलेला, प्रत्येक रकाना भरल्याशिवाय स्वीकारला जाणार नाही अशी तंबी तळाला छापलेली. अरिबानं नियमाप्रमाणे एकही रकाना सोडला नव्हता. नाव, पत्ता, सभासद क्रमांक. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात तिनं गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘काही पालकांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन.’

तिनं टोमणा मारला नव्हता. टोमणे काका मारायचे. फळ्यावर जे लिहिलंय तेच कारण असतं, एवढंच त्या पोरीला माहीत होतं. काकांना धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मुलांना फळ्यावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

त्यांनी उठून फळा पुसला. नवी सूचना लिहिली : ‘चित्रपटाला हरकत सचिव श्री. रिसबूड यांची होती. सिराज बाइंडर यांच्या घरून हरकत नव्हती. दुसऱ्याच घराचं नाव पुढं आलं तेव्हा मी गप्प बसलो. श्याम आगाशे, ग्रंथपाल.’ मग किल्ल्यांचं जुडगं पाकिटात घालून वर रिसबुडांचं नाव लिहिलं, कपाटातून पाचवा भाग काढला आणि ते जिना उतरले.

सिराजच्या दुकानाच्या माडीवर त्याचं घर. दार सिराजच्या अम्मीनं, अख्तरबानूंनी उघडलं. काकांनी पुस्तक पुढं केलं आणि फळ्यावर काय लिहून आलो ते सांगितलं. सांगताना वाटलं, आपण बरंच काही केलं.

अख्तरबानूंनी पुस्तक घेतलं नाही.

“मीही या पुस्तकाला वाईट म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “पोरीनं वाचून दाखवलं, चूक कळली. तेव्हा मी तिला समोर बसवून तोंडानं म्हणाले, बेटा, माझं चुकलं. तुम्ही फळ्यावर लिहून आलात. फळा वाचायला ती आता तिकडं येणार आहे का? आत बसलीय. तोंडानं सांगा.”

अरिबा आतल्या खोलीत पुठ्ठ्यांच्या ढिगाशी बसली होती. हातात पुस्तक नव्हतं. काका दारात उभे राहिले. जीभ नेहमीसारखी टाळूला चिकटली, आणि खिशात कागदही नव्हता.

“अरिबा,” ते म्हणाले. “हरकत तुमची नव्हती. मला माहीत होतं. लोक विचारत होते तेव्हा मी भ्यालो. माझं चुकलं.”

तिनं हातातला पुठ्ठा ढिगावर ठेवला.

“मग मी फॉर्ममध्ये कारण चुकीचं लिहिलं?” तिनं विचारलं. “काय लिहायचं होतं?”

आगाशेकाकांना मान वर करता आली नाही.

“माझं नाव,” ते म्हणाले.