गोड लागलं की माघारी

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकरांना सांगितलं नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं — त्याला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पण आधी माझी बढाई ऐकून घ्या. ती खरी आहे. तेल्हाऱ्याला आम्हा माळ्यांचा मळा होता. भोवतालच्या सगळ्या विहिरी खाऱ्या, आमच्या एकीलाच गोडा झरा. त्यावर वांगी, मेथी, झेंडू पिकायचा. त्या विहिरीत माझ्यासारखी बुडी मारणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं — बरोबरीचा एकच, माझा थोरला भाऊ महादू. कुणाची कळशी पडो, पोहरा पडो, बोलावणं आम्हा दोघांनाच. पोरीच्या जातीला हे शोभतं का, असं आत्या म्हणायची. शोभायचं! मला तर फारच शोभायचं.

विहिरीच्या तळाशी, झऱ्याच्या अंगाला, आजोबांनी आडवी कपार खणली होती. माणूस सरपटत जाईल एवढी. आत मिट्ट काळोख. मग वाट कशी शोधायची? जिभेनं. आत जावं तसं पाणी गोड, बाहेर यावं तसं खारट. महादूनंच शिकवलं होतं, "गोड लागलं का माघारी फिर, सखू."

एका उन्हाळ्यात मोटेचा नाडा तुटला आणि मोट तळाशी गेली. महादू म्हणाला, "आज नको उतरू व. सकायपासून उपसून राहिलो, पानी फिरलं असन." मी ऐकायला हवं होतं ना? पण काठावर माणसं जमली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी उडी घेतली.

मोट कपारीत अडकली होती. ती चाचपत मी आत शिरले, मग वळले — वळले असं मला वाटलं. जिभेला खारट लागत होतं, म्हणजे मी बाहेरच चालले होते. आणखी पुढे गेले, तरी खारटच. मग हाताला दगड लागला. पाणी फार उपसलं की झऱ्यालाही खारं चढतं. महादू तेच सांगत होता.

कुणीतरी माझी वेणी धरली. महादू होता. मी काय केलं? त्याच्या छातीवर लाथा घातल्या, त्याच्या अंगावर चढले. तरी त्यानं मला कपारीबाहेर ढकललं. मी वर आले. मागून तो आला, तो निपचित. मी त्याचे केस धरून त्याला पायरीवर ओढलं. काठावरच्यांनी पाहिलं ते एवढंच.

तो पाणी ओकून शुद्धीवर येत होता, तेव्हा बापानं विचारलं, "कावून व, हा अडकला होता काय?"

मी म्हटलं, "हो."

महादूनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा मिटून घेतले. शेजारणीनं माझी दृष्ट काढली, तोंडात गुळाचा खडा घातला.

त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव बुडक्या ठेवलं. बोलावणी मला एकटीला येऊ लागली, आणि मी जात राहिले. तो विहिरीत उतरला की कुणीतरी ओरडायचं, "सखूले बोलवा रे!" मग त्यानं उतरणंच सोडलं. लग्न होऊन मी अमरावतीला आले, तर गोष्ट माझ्याआधी पोचलेली. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, हिनं भावाला मरणातून ओढून आणलं. मी पदर सावरून उभी राहायचे. अभिमान वाटायचा — खोटं कशाला बोलू? अजूनही ती गोष्ट निघाली की मान ताठ होते.

यंदा महादू तापानं गेला. त्याच्या दारात एक म्हातारा म्हणाला, "बुडक्या गेला." मी तिथेच उभी होते. तेव्हाही गप्प राहिले.

अडकले होते ती मी. बाहेर काढलं ते त्यानं. गोड लागलं की माघारी फिर, हे त्यानंच मला शिकवलं होतं. त्या दिवशी तोंडात गूळ होता, आणि मी फिरले नाही.