कार्डावरचं कुंकू

दाजी भेटले की आधी हनुवटी धरायचे. रामराम वगैरे नंतर. अंगठा आणि एका बोटात समोरच्याची हनुवटी पकडायची, तोंड उजेडाकडं वळवायचं, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "हां, आता दिसतंय माणूस." मग तो गावचा सरपंच असो, नाहीतर पहिल्यांदाच उंबऱ्यात आलेला कुणाचा नवा जावई. मला याचा मनस्वी राग यायचा. मी त्यांचा मेहुणा, धाराशिवला कचेरीत दिवसभर कम्प्युटरवर बसणारा, डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस. आणि बेंबळीत एसटीतून उतरलो की भर रस्त्यात माझी हनुवटी या गृहस्थांच्या हातात! वर, "काय पाव्हणं, डाव्या अंगानं सुजल्यागत दिसताव," हेही ऐकून घ्यायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घरची मेंढरं होती, बाकीचे भाऊ मेंढरांमागं नाहीतर शेतात. यांनी मात्र तरुणपणीच कॅमेरा गळ्यात अडकवला आणि घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला. मागं धबधब्याचा पडदा. त्या धबधब्यापुढं आख्ख्या बेंबळीची लग्नं ठरली. पुढं रोलचा जमाना गेला, डिजिटल कॅमेरा आला, आणि दाजींना एक नवा शब्द सापडला. फोटो काढला की माणसं म्हणायची, "दाखवा की दाजी, कसा आलाय." दाजी कॅमेरा छातीशी धरायचे. "आत्ता न्हाय. कार्डात हाय. कार्डातलं कुठं जातंय व्हय?" त्यांच्याकडं कम्प्युटर नव्हता. कार्ड भरलं की ते धाराशिवच्या लॅबमध्ये द्यायचं, फोटो कागदावर आले की मगच दाखवायचे, असा त्यांचा शिरस्ता. छोट्या पडद्यावर फोटो बघणं म्हणजे त्यांना कच्चं खाल्ल्यासारखं वाटायचं.

पण गावाला दाजी लागायचे ते मयताच्या वेळी. घरातलं कुणी गेलं की दोन-चार दिवसांत कुणीतरी जुना, मळका, ग्रुपचा फोटो घेऊन दारात उभं राहायचं. कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत, पाठीमागं, अर्धा चेहरा दिसणारी म्हातारी. "दाजी, एवढाच हाय बघा. निघतो का?" दाजी फोटो उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "निघतो की!" मग लॅबवाल्याच्या डोक्यावर बसून म्हातारीला पंगतीतून उठवायचं, नीट पदर द्यायचा, मोठी करायची, तेराव्याच्या आत फ्रेम हजर. जन्मात कोट न पाहिलेले कितीतरी बाप्ये त्यांच्यामुळं भिंतीवर कोटात बसले आहेत. मी एकदा त्यावरून त्यांची टिंगल केली, तर म्हणाले, "पाव्हणं, माणूस गेल्यावर घरच्याला तोंड लागतं बघायला. कोटाकडं कोण बघतंय?"

आणि अशा माणसाच्या बायकोचा धड एक फोटो नव्हता. हनुवटी हातात न देणारी गावात एकटी अक्काच. दाजींनी कॅमेरा वर केला रे केला, की हिचा हात तोंडावर. "अहो, नका ना! माझं काय बघायचंय?" स्टुडिओत बायकांचे पदर नीट करायला, पोरं हसवायला ही पुढं; फोटोत मात्र कुठं कोपर, कुठं बांगड्या. लग्नातल्या फोटोंत मान खाली आणि मुंडावळ्या. आधार कार्डावर एक चेहरा होता खरा, पण तो कुणाचा होता देव जाणे, अक्का स्वतःच म्हणायची, "ही बाई भेटली तर मी पाणीसुद्धा द्यायची न्हाय." टचचे मोबाइल तेव्हा गावात नुकतेच कुठं यायला लागले होते. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तिनं मला कडेवर खेळवलेलं, आणि माझ्याकडंही तिचा एक फोटो नाही. हे असं असतं आपलं.

त्या वर्षी श्रावणात दोघं येडशीला रामलिंगाला गेली. तिथल्या वानरांचं काय सांगायचं? एकानं अक्काच्या हातातली प्रसादाची पिशवी ओढली आणि समोरच्या झाडावर बसून तिच्याकडं बघत बघत सगळं खाल्लं. अक्काला हसू आवरेना. हसता हसता ती खालीच बसली, आणि हात तोंडावर न्यायचं विसरली. दाजींनी डाव साधला. परत येताना मला फोन: "पाव्हणं, घावली एकदाची! चांगले चार-पाच काढलेत. लई झ्याक आलीय." मी म्हटलं, दाखवा. "मोठा करूनच दाखवतो. कार्डात हाय की, जातंय कुठं?"

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. शेतकऱ्याचा कोयता, शिंप्याचं मशीन, तसा दाजींचा कॅमेरा. पाटावर कॅमेरा, फ्लॅश, स्टँड, बॅटऱ्या, सगळी मांडामांड. दाजी म्हणाले, खरं काम तर कार्ड करतंय, त्यालाही मांडा. कार्ड काढून पाटावर ठेवलं. अक्का ओलं कुंकू लावत लावत कार्डापाशी आली आणि अडली. "ह्याचं तोंड कुठलं हो?" दाजींनी कार्ड उलटं-सुलटं केलं. एका बाजूला कागदी चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला पिवळ्याधमक बारक्या पट्ट्या. "पिवळं हाय ते तोंड. त्याच तोंडानं तर घेतंय समदं." अक्कानं अनामिकेनं बरोब्बर त्या पट्ट्यांवर ठसठशीत कुंकू रेखलं, वर हळद, वर अक्षता. जगात दुसरं कुणी हे करणार नाही. आमच्या घरात झालं.

दसऱ्याला कार्ड कॅमेऱ्यात घातलं तर पडद्यावर 'कार्ड एरर'. दाजींनी फुंकर मारली. बॅटरी बदलली. कॅमेरा बंद केला, चालू केला, कार्ड उन्हात ठेवलं. कार्डाच्या कडेचं बारकं कुलूप वर केलं, खाली केलं. दुसरं कार्ड घातलं तर ते बिनतक्रार चालू. शेवटी मला फोन. मी इकडून खेकसलो, "दाजी, त्या पट्ट्यांवर काही लागलंय का? खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, लगेच चालेल."

"त्याच्यावर कुंकू हाय."

"मग तेच पुसा!"

"पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय? ते आपसूक झडू द्यायचं असतंय." दाजींच्या कॅमेऱ्यावरसुद्धा गेल्या दसऱ्याचे ठिपके पुढच्या दसऱ्यापर्यंत असायचे, हे मला ठाऊक होतं. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात अक्कानं फोन घेतला. "अरे, कशाला त्यांच्यावर ओरडतोस? झडल्यावर बघू. नाहीतर परत काढू की फोटो. मी कुठं पळून चाललेय?"

दिवाळी झाली आणि अक्काला ताप आला. साधा म्हणता म्हणता डेंग्यू निघाला. सोलापूरला नेलं, बाटल्या लावल्या, पेशी वाढेनात. दाजी आणि मी दवाखान्याच्या जिन्यात नुसते बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतंच. अक्का गेली.

तेराव्याच्या आधी मी लॅपटॉप, कार्ड रीडर आणि खिशात खोडरबर असं घेऊन बेंबळीला गेलो. दाजींनी हनुवटी धरली नाही. आतून अक्काचा कुंकवाचा करंडा आणला, त्यातून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, निघतो का बघा."

त्यांच्याच दारात माणसं म्हणायची ते वाक्य. मी कार्ड तसंच रीडरमध्ये घातलं. काही नाही. काढलं, परत घातलं. ढिम्म. कुंकू वाळून पट्ट्यांवर घट्ट बसलं होतं. मी खोडरबर काढलं.

"पुसावंच लागतंय व्हय?"

"दाजी, त्याशिवाय मशीनला कळणारच नाही आत काय आहे."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, एक डोळा बारीक केला. कुंकवाच्या ठिपक्यात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. अगदी स्पष्ट. मग त्यांनी ते परत करंड्यात ठेवलं.

मी चिडलो. दुःखात माणूस कशावरही चिडतो. "अहो, आत अक्का आहे! तिचं हसणं आहे आत!"

"आत असंल, न्हायतर नसंल," दाजी म्हणाले. "वर तर हायच की."

तेराव्याला आधार कार्डावरच्या त्या अनोळखी बाईला हार घातला. आलेल्या बायका फ्रेमकडं बघायच्या, मग एकमेकींकडं बघायच्या. दाजी मान वर करत नव्हते.

पुढं घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ ओस पडला, धबधब्याचा रंग उडाला. मयताला फोटो मागायला कुणी येईना. आता माणूस गेलं की त्याचे शंभर फोटो असतात. दाजी गेले त्याच्या आधीच्या खंडेनवमीला मी बेंबळीला गेलो होतो. त्यांनीच निरोप धाडला होता, लॅपटॉप घेऊन या म्हणून. दुपारचं ऑक्टोबरचं ऊन, अंगाची नुसती काहिली, वर पंखा गरगरत होता. दाजींनी करंडा आणून समोर ठेवला आणि झाकणाला हात लावायच्या आधी म्हणाले, "पंखा बंद करा."

मी बंद केला. त्यांनी झाकण काढलं. कुंकू आपसूक झडलं होतं. तळाशी चिमूटभर लाल पूड, वर कार्ड, पट्ट्या मोकळ्या. नुसते काळपट डाग राहिलेले.

"आता पुसायचं कायबी राहिलं न्हाय," दाजी म्हणाले. "बघा आता."

मी कार्ड घातलं. आणि लॅपटॉप 'टुंग' करून वाजला! दाजी पुढं सरकले. "आली?" पडद्यावर चौकट आली. मी वाचली, परत वाचली.

"काय म्हणतंय?"

"कार्ड वाचता येत नाही म्हणतंय. फॉरमॅट करू का विचारतंय."

"म्हंजी?"

"म्हणजे… सगळं पुसू का."

दाजी एवढंसं हसले. "ह्याला पुसण्याबिगर दुसरं कायच येत न्हाय का हो?"

मी 'नाही' दाबलं. फोटो परत मिळवायचं सॉफ्टवेअर लावलं. दुपार कलेपर्यंत ती हिरवी पट्टी सरकत राहिली आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन तिच्याकडं बघत राहिलो. शेवटी एकही फोटो सापडला नाही, असं लिहून आलं. दुसरं सॉफ्टवेअर लावू का, पुण्याला पाठवू का, असं मी काहीतरी बरळत होतो. मला थांबताच येईना.

दाजींनी माझ्या हनुवटीला बोट लावलं. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. न्हाय निघत."

साऱ्या गावाच्या म्हाताऱ्या पंगतीतून उठवणाऱ्या या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी कार्ड हळूच करंड्यात ठेवलं, पूड हलू न देता. झाकण लावलं, घट्ट बसलंय का बघितलं आणि करंडा देवळीत ठेवून दिला.

मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "लावा आता पंखा."