राखेच्या विटांची तहान

शहाडच्या वीटभट्टीवर दामाजीचं अर्धं आयुष्य गेलं. कच्च्या विटा उन्हात मांडल्या की त्याचा जीव टांगणीला लागायचा. चार थेंब पडायचा अवकाश, गडी ताडपत्री घेऊन धावत सुटायचा. त्याची बायको चंद्रभागा हसायची, "माणसं भिजली तरी चालतील, यांच्या विटा भिजता कामा नयेत!" पाणी लागलं की कच्च्या विटेचा चिखल, भट्टीवर दुसरं शास्त्रच नाही.

सत्त्याऐंशी साली त्यांची पोर मालन पेटत्या भट्टीवर चढली आणि वरचा थर खचून आत गेली. बाहेर काढली तेव्हा शुद्धीवर होती, तेच वाईट झालं. दवाखान्यात न्यायला टेम्पो बोलावलेला, तो येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं, "बाबा, पाणी." आणि भट्टीवरच्या बायका ओरडत होत्या, भाजलेल्याला पाणी देऊ नका, जीव जातो! कुणी काढली ही अक्कल, देव जाणे. दामाजीनं भरलेला तांब्या पाठीमागे धरला. टेम्पो आला, पण तोवर पोर तहानलेलीच गेली.

पोरीचे दिवस झाल्यावर चंद्रभागा कळव्याला भावाकडे गेली, ती तिथंच राहिली. नवऱ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

दामाजीनं भट्टी सोडली. बरीच वर्षं मिळेल ते काम केलं, मग माजिवड्याला चांगदेव शेठनं विटांचा कारखाना काढला तिथं चिकटला. इथं जाळ नव्हता. वीजकेंद्रातून ट्रक भरून राख यायची, पिठासारखी मऊ. तीत सिमेंट आणि वाळू कालवायची, मशीननं दाबायची, की करडी वीट तयार. शेतातली चांगली माती खरवडायला नको, कोळसा जाळायला नको. कडा अशा सरळ की प्लास्टरही कमी लागायचं. लोक मात्र नाकं मुरडायचे, "राखेचं घर? मसणातनं आणली काय रे?" दामाजीला त्याचं काही नव्हतं. आग नाही, एवढंच त्याला पुरे होतं.

एकदा शेठ लग्नासाठी गावी गेले आणि ताजा माल दामाजीच्या हवाली केला. आता जन्माचा भट्टीवाला तो, काय करणार? विटांवर ताडपत्री घातली आणि सगळ्यांना दम भरला, पाण्याचा थेंब लागला तर याद राखा. शेठ परत आले, एक वीट उचलली, ती हातातच भुगा झाली.

"अरे गाढवा! ही काय भट्टीत भाजायचीय? ही पाण्यानं पक्की होते. हिला रोज पाणी पाजावं लागतं. तहानेनं मारलीस की रे सगळी!"

शेठ रागात बोलून गेले. दामाजीनं मात्र तो भुगा ओंजळीत गोळा केला.

त्या दिवसापासून त्याच्या हातातून पाण्याचा पाइप सुटेना. कोरडी वीट पाणी ओढते तेव्हा बारीक सुरसुर होते. दामाजीला त्यात घोट ऐकू यायचे. नळ बंद केला की रांगांमधनं हाक यायची, "बाबा." बाकीचे गडी म्हणायचे, याला लागीर झालंय. झालंच होतं, खोटं कशाला बोला?

त्याच विटांची त्यानं कळव्याला एक खोली बांधली आणि चंद्रभागेला निरोप धाडला, या घरात भाजलेली वीट एकसुद्धा नाही, राहायला ये. निदान इथं तरी ती येईल, एवढ्याच आशेवर बिचारा दिवस काढत होता.

ती आली. बोचकं घेऊनच आली, पण ते दाराबाहेर ठेवून उभी राहिली. दामाजी कळशीनं भिंतीवर पाणी ओतत होता. भिंत केव्हाच पक्की झालेली, पाणी धरतच नव्हती, सगळं ओघळून खाली येत होतं. तरी तो ओततच होता.

"हे काय चालवलंय?" तिनं विचारलं.

"मालनला..." म्हणत त्यानं कळशी पुन्हा कलती केली.

चंद्रभागेनं ओल्या भिंतीवर तळवा टेकला.

"आता ती मागत नाही," ती म्हणाली. "मागत होती तेव्हा आपण दिलं नाही. तांब्या तुमच्या हातात होता. पण हिसकावून घ्यायला मी होते ना तिथं?"

इतक्या वर्षांत न रडलेला दामाजी भिंतीला धरून ढसाढसा रडला. चंद्रभागेनं त्याच्या हातातली कळशी काढून घेतली, बाहेर ठेवलेलं बोचकं उचललं आणि आत गेली.