नकाशातली बाई

आमच्या शेजारच्या सुमतीताईंचे वडील, अण्णा, आर्किटेक्ट होते. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत सांगलीच्या आसपासच्या कितीतरी शाळा, वाचनालयं, दवाखाने त्यांच्या हातचे. त्यातल्या बऱ्याच इमारती आता पाडल्या गेल्या. नकाशे मात्र ताईंनी जुन्या साड्यांत गुंडाळून जपले. ते एका कॉलेजला द्यायचे ठरले, तेव्हा मी मदतीला गेले होते.

खिडकीपाशी उलगडलेला एक कागद प्रसूतिगृहाचा होता. इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून नकाशात एखादं माणूस काढतात, नुसत्या बाह्यरेषेचं. इथं मात्र पायऱ्यांवर नऊवारीतली गरोदर बाई होती. एक हात कमरेवर, दुसरा कठड्यावर, आणि चेहऱ्यावर दमणूक.

“ही आई,” ताई म्हणाल्या. “माझ्या वेळी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तिचे फार हाल झाले. म्हणून अण्णांनी इथल्या पायऱ्या बुटक्या केल्या. मध्येच हा ओटाही, टेकायला.”

“आईंनी पाहिलं होतं हे चित्र?”

“पाहिलं ना. म्हणाली, पोट फार मोठं काढलंय. अण्णा म्हणाले, तेवढंच होतं.”

आम्ही दोघी हसलो. मग मला त्या ओट्यावर टेकून गेलेल्या बायका दिसू लागल्या. कळ ओसरेपर्यंत त्या बसल्या असतील, पदरानं घाम टिपून उठल्या असतील. आपल्या आधी इथं कोण दमलं होतं, हे त्यांना कुठून कळणार?

ताईंनी बाकीचे नकाशे पेटीत रचले. हा एक मात्र न्यायला आलेल्या कॉलेजच्या माणसाच्या हातात दिला.

“सावकाश न्या,” त्या म्हणाल्या.