अक्काचा शुक्रवार आणि कंपनीचं ॲप

फार गोड बोलणाऱ्या माणसाचं मला पहिल्यापासून वावडं. त्यामुळे त्या ॲपवाल्या कंपनीचा माणूस आमच्या कानडी मुलखातल्या मल्लेश्वरमच्या घरी आला आणि बसायच्या आधीच "काकू, मी तुमचा फॅन आहे" म्हणाला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, "कुठली कहाणी आवडली?" तर म्हणे, "सगळ्याच!" सगळ्याच आवडल्या म्हणजे एकही ऐकलेली नाही, एवढं कळतं मला.

आता हे कहाण्यांचं काय ते सांगते. श्रावणात आमच्याकडे जुन्या बायका त्या त्या वाराची कहाणी ऐकल्याशिवाय जेवत नाहीत. हातात तांदळाचे दाणे धरायचे, कहाणी पुरी होईस्तोवर उठायचं नाही, मग दाणे देवाला वाहायचे आणि पान वाढून घ्यायचं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, निपाणीला एकटी असते. तिला पोथी दिसेनाशी झाली तशी मी रोज फोनवरून वाचून दाखवायला लागले. सून म्हणाली, "आई, त्यापेक्षा रेकॉर्डच करा ना, पॉडकास्ट टाकू." सून पुण्याची, इथे आयटीत आहे, तिला हे सगळं येतं. मग गेल्या श्रावणात पंखा बंद करून, घाम पुसत पुसत मी बोलले आणि तिने ते टाकलं. अक्काच्या जुन्या फोनात तिच्या पुतण्याने एक साधं ॲप घालून दिलं. अंगठा टेकवला की माझा आवाज सुरू. मला त्यातलं हेच आवडलं होतं बघा, कुठल्याही ॲपवरून ऐका, दारात कोणी अडवत नाही. हळूहळू हुबळीच्या, कोल्हापूरच्या, कुठल्या कुठल्या बायका ऐकायला लागल्या. गूळ दिसला की मुंगळे येणारच, तशी मग ही कंपनी आली.

त्यांचं म्हणणं असं, की कहाण्या फक्त त्यांच्या ॲपवर हव्यात. चांगला माइक देऊ, मानधन देऊ, जाहिरात करू.

"आणि आता बाकीकडे आहेत त्या?"

"त्या काढून टाकायच्या, काकू. एक्सक्लुझिव्ह म्हणजे तेच ना!"

द्यायला आलेला माणूस आधी काढून घ्यायची गोष्ट करतो, हे कसं? चिकपेटेत साडी घेताना "इथेच दिव्याखाली बघा, अम्मा" असं दुकानदार म्हणाला की मी मुद्दाम ती दारात उजेडाला नेते. इथे उजेड कुठून आणायचा तेच कळेना. मी म्हटलं, "उद्या तुमचं दुकान बंद पडलं तर माझ्या कहाण्यांनी कुठे जायचं?" तो नुसता हसला. हसण्याला काय उत्तर म्हणायचं?

तो गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्हाला सगळ्यांचाच संशय! श्रावणापुरती ट्रायल आहे फक्त. मावशींना मी लिंक पाठवते." "सरी," म्हटलं मी, कानडीत "बरं" म्हणतात तसं. पण तिचाही संशय आलाच मला. माइक तिलाच हवा असणार.

श्रावणाचा पहिला शुक्रवार आला आणि त्याच सकाळी कहाण्या तिकडे गेल्या. एरवी कहाणी संपली की अक्काचा फोन ठरलेला. आज भरभर बोललीस, आज घसा बसलाय, काहीतरी खोट काढणारच. त्या दिवशी काहीच नाही. उन्हं कलायला लागली तसा मीच फोन लावला.

"जेवलीस का, अक्का?"

"कशाची जेवते? दाणे हातात धरून बसलेय सकाळपास्नं."

"अगं, शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशी बसलीस?"

"मग काय करू? फोनात तुझं एक अक्षर नाही. मागचंसुद्धा सगळं काढून घेतलंस. तुझ्या नातवाच्या मुंजीला आले नाही म्हणून राग आहे ना? मग तोंडावर सांग की! देवाच्या कहाणीवर कशाला काढतीस?"

सुनेची लिंक तिला दिसलीच नव्हती, आणि दिसून उपयोग काय? ते ॲप त्या जुन्या फोनात चढतच नाही, असं पुतण्याने मागाहून सांगितलं. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "दाणे आहेत ना हातात? ऐक." आणि फोनवरच पहिल्यापासून सांगायला लागले. ती वाक्यावाक्याला "हं" म्हणत होती, पण रागातच.

सून दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी तिने आपल्या फोनवर कंपनीचं ॲप उघडलं आणि तीच कहाणी लावली. कहाणीतली देवी दारात येऊन उभी राहते न राहते तोच मध्ये कुणी बाई गृहकर्ज घ्या म्हणून सांगायला लागली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. "काढते, आई," सून म्हणाली आणि तिथल्या तिथे त्यांना नकार लिहून कहाण्या परत पहिल्यासारख्या सगळीकडे टाकायला घेतल्या. मी मनात म्हटलं, उद्या प्रत्येक सांगणाऱ्याने आपापली कंपनी धरून दार लावून घेतलं, तर अक्कासारखीने किती दारं ठोठावायची?

पुढच्या शुक्रवारी जेवणवेळेलाच अक्काचा फोन आला.

"आली गं कहाणी. राग गेला म्हणायचा."

"अगं, राग नव्हताच. ती कंपनी..."

"असू दे, असू दे. कंपनीचं नाव पुढं करतीस. मुंजीच्या वेळी माझा गुडघा धरला होता, खरंच सांगते. आता तरी विश्वास ठेव."

मी "बरं" म्हटलं. पण गुडघ्याचं मला अजून पटलेलं नाही.